पेडल मऊ लागलं की लगेच ‘एअर धरली’ म्हणू नका

जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतले, मागच्या ड्रमला नवे लायनर घातले, ब्रेक ऑईल बदललं, आणि गॅरेजमधून गाडी बाहेर काढताना पेडल आधीपेक्षा खाली जातंय. पद्मिनी किंवा महिंद्राची जुनी जीप जपणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतो. वसई फाट्यावरून हायवेला लागायचं, पुढे घोडबंदरच्या गायमुख घाटात ट्रकांच्या मागे उतरायचं, आणि पायाखाली स्पंज. मालक घाबरतो ते बरोबरच आहे. चूक होते ती पुढे. गॅरेजमध्ये एकच निदान ठरलेलं असतं, ‘एअर धरली’. मग ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं), पुन्हा ब्लीडिंग, ऑईलचे डबे संपतात आणि पेडल तिथंच राहतं.

एक गोष्ट आधी मान्य करू. या गाड्यांचे ब्रेक सुधारावेसे वाटणं रास्त आहे. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, पण चारही चाकांना ड्रमच राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. घरगुती पद्मिनी मात्र अजून चालतात, त्याही आजच्या वेगाच्या वाहतुकीत. डिस्कमुळे फायदा होतो. पण पेडल, मास्टर सिलिंडर, पाइप, कॅलिपर आणि मागचे शू यांचा हिशेब मूळ कारखान्याने एकत्र बसवलेला असतो. त्यातला एक भाग बदलला की बाकीच्यांचं गणित पुन्हा मांडावं लागतं. सुधारणेनंतरचं मऊ पेडल बहुतेक वेळा या न मांडलेल्या गणितातून येतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी पायाला विचारा. ‘मऊ’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पेडल दाबलं की रबरासारखं दबतं आणि कडक तळ लागतच नाही, ही खरी स्पंजी तक्रार. पेडल बरंच खाली जातं पण तिथं कडक लागतं, ही लांब पेडलची. आणि पाय स्थिर ठेवला तरी पेडल हळूहळू बुडत जातं, ही सगळ्यात धोक्याची. या तिन्हींची कारणं वेगळी, इलाजही वेगळे.

गैरसमज : पेडल खाली गेलं म्हणजे हवाच आहे

हवा दाबली जाते, ऑईल जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे लाइनमध्ये हवा असेल तर पेडल स्पंजी लागतं. इथपर्यंत खरं आहे. पण पेडल लांब जाऊन कडक लागत असेल तर पहिला संशय मागच्या ड्रमवर घ्या. डिस्कचे पॅड झिजेल तसे आपोआप पुढे सरकतात, जुन्या गाडीतले शू मात्र हाताने ॲडजस्ट करावे लागतात. डिस्कच्या कामात सगळं लक्ष पुढे असतं आणि मागचे शू ड्रमपासून लांब राहून जातात. पेडलचा अर्धा प्रवास ते अंतर भरून काढण्यातच जातो. झटपट दोनदा दाबल्यावर दुसऱ्या वेळी पेडल वर लागलं, तर शूचं अंतर किंवा हवा, यांपैकी काहीतरी आहे. त्यातलं कोणतं हे कळायला गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढा आणि पेडल दाबा. हँडब्रेक मागच्या शूंनाच दाबत असल्यामुळे, तो ओढल्यावर पेडल लक्षणीय वर आलं तर मागचे शू ॲडजस्ट करा, ऑईल वाया घालवू नका. विलीस घराण्यातल्या जुन्या सीजे-थ्रीबी जीपला ही चाचणी लागू नाही. तिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो.

आता पुढच्या चाकांचं गणित. समजा नव्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलीमीटरचा आहे आणि मास्टर सिलिंडर २२.२ मिलीमीटरचा, म्हणजे पाऊण आणि एक इंचाच्या मधला. दोन्ही चाकांना पॅड आणि डिस्कमध्ये नेहमीपेक्षा फक्त ०.२ मिलीमीटर जास्त अंतर राहिलं, तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन जवळपास १.९ मिलीमीटर जास्त सरकतो. पेडलचं लिव्हर पाचपट असेल तर पायाखाली जवळपास ९ मिलीमीटरचा फरक पडतो. एवढं अंतर यायला हवेचा एकही बुडबुडा लागत नाही. मोठ्या पिस्टनच्या कॅलिपरला मुळातच जास्त ऑईल लागतं, म्हणून मोठे ब्रेक लावल्यावर पेडल थोडं लांब जाणं हे हवेचं लक्षण मानू नये.

हे अंतर येतं कुठून? पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असलं किंवा डिस्क वाकडी बसली असली, तर फिरताना डिस्क पॅडना मागे ढकलते. त्याची खूण अगदी ठळक असते. वळण घेतल्यावर किंवा खड्ड्यातून गेल्यावर पहिल्यांदा पेडल खाली जातं, दुसऱ्यांदा नेहमीसारखं लागतं. पावसाळ्यात नालासोपाऱ्याच्या खड्ड्यांतून फिरणाऱ्या गाडीत हे कारण मी आधी तपासेन. चाक जॅकवर घेऊन हाताने हलवून पाहायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरं कारण ब्रॅकेट. जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा कॅलिपर बसवायचा तर मध्ये लोखंडी ब्रॅकेट बनवून घ्यावा लागतो, आणि वालीव-सातिवलीच्या वर्कशॉपमध्ये तो कापून मिळणं कठीण नाही. पण प्लेट पातळ असेल, किंवा कॅलिपर डिस्कला समांतर बसला नसेल, तर दाबाखाली ब्रॅकेट वाकतो आणि पॅड तिरके होतात. पायाला लागतो तो स्पंज त्याचाच. कितीही ब्लीड करा, फरक पडणार नाही. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने बाजूला राहून कॅलिपर हलतो का ते पाहायचं, एवढ्याने हे उघडं पडतं. पॅड काढून पाहिले तर एका टोकाला जास्त झिजलेले असतात.

हवा खरोखर असते तेव्हाही ती बहुधा अशा जागी अडकते जिथं ब्लीडर पोहोचत नाही. कॅलिपर डावा-उजवा उलटा बसला की ब्लीडर निप्पल खालच्या अंगाला येतं. हवा वर राहते, निप्पलमधून स्वच्छ ऑईल येतं आणि मेकॅनिकला वाटतं काम झालं. निप्पल पिस्टनच्या वर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून घ्या. नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाकावर धरून, ऑईल भरून, त्यातली हवा काढायची असते. ते राहून गेलं की पुढचं ब्लीडिंग लांबतच जातं. आणि पेडल जोरजोरात तळापर्यंत मारू नका. जुन्या सिलिंडरमध्ये नेहमीच्या प्रवासापलीकडचा भाग गंजलेला असतो, रबर सील तिथं घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि सावकाश दाबा.

गैरसमज : मोठा मास्टर सिलिंडर लावला की प्रश्न मिटतो

पेडल वर येतं, हे खरं. पण पायाची ताकद तीच राहते आणि दाब कमी होतो. २२.२ ऐवजी २५.४ मिलीमीटरचा सिलिंडर लावला तर त्याच ताकदीने लाइनमधला दाब जवळपास पाऊण पटच उरतो. मूळ कारण शू, बेअरिंग किंवा ब्रॅकेट असेल तर ते झाकलं जातं आणि गाडी थांबायला जास्त जोर लागतो. कॅलिपरला लागणाऱ्या ऑईलचा हिशेब करून मोठा सिलिंडर निवडला तर गोष्ट वेगळी. अंदाजाने निवडलेला नको.

बूस्टरचंही तसंच. बूस्टर जोर कमी करतो, पेडलचा प्रवास दुरुस्त करत नाही. इंजिन सुरू करताना पेडल थोडं खाली सरकणं हे बूस्टर चालू असल्याचं चांगलं लक्षण आहे, ते बिघाड समजू नका. डिझेल जीपला बूस्टर लावला तर व्हॅक्यूम पंपही लागतो, कारण डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम तयार होत नाही.

गैरसमज : जुन्या ऑईलने पेडल मऊ होतं

गाडी थंड असताना नाही. पाणी शोषलेलं ऑईलही दाबलं जात नाही. त्याचा धोका गरम झाल्यावर दिसतो. डॉट ३ ऑईल कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळायला हवं आणि डॉट ४ किमान २३० अंशांना. ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. उतारावर ब्रेक तापले, ऑईल उकळलं, वाफ झाली की पेडल एकदम तळाला जातं, आणि घरी येऊन थंड झाल्यावर पुन्हा ठीक लागतं. त्यामुळे सकाळी गॅरेजमध्ये दोष सापडतच नाही. अर्नाळा, राजोडी, भुईगावच्या दमट खाऱ्या हवेत उघडा राहिलेला डबा वापरू नका. रंग बदलण्याची वाट न पाहता दर दोन वर्षांनी ऑईल बदला. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र डॉट ३-४ मध्ये कधीच मिसळायचं नसतं. नावातला आकडा मोठा आहे म्हणून ते वरच्या दर्जाचं, हा समज घातक आहे.

सील रॉकेलने किंवा पेट्रोलने धुण्याची सवय तर आजच सोडावी. ब्रेकच्या सीलचं रबर पेट्रोलियमने फुगतं आणि सिलिंडरमध्ये अडकतं. साफ करायला ताजं ब्रेक ऑईल किंवा स्पिरिट. गळणाऱ्या फ्लेअर जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळूनही काही साधत नाही. तो जोड आट्यांवर सील होत नाही, पाइपच्या पसरवलेल्या तोंडाने धातूवर धातू दाबून सील होतो. तोंड चुकीच्या प्रकारचं असेल तर पाइपच बदलावा लागतो.

सीजे-थ्रीबीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. तिचा मास्टर सिलिंडर फरशीखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असू शकतो. गाडी उभी राहिली की ऑईल परत सिलिंडरकडे उतरतं आणि सकाळचं पहिलं पेडल खाली जातं. अशा ठिकाणी डिस्कच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा, जवळपास २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. ड्रमसाठीचा जवळपास १० पीएसआयचा व्हॉल्व्ह तिथं राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं. जुन्या ड्रमवाल्या सिलिंडरमध्ये तो आतच बसवलेला असू शकतो, म्हणून सिलिंडर तसाच ठेवून डिस्क लावणाऱ्याने हे आधी पाहावं.

बुडणाऱ्या पेडलची चाचणी इंजिन बंद ठेवून करा. दोन-चारदा दाबून बूस्टर रिकामा करा, मग मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल खाली सरकत राहिलं तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील गेलं आहे किंवा कुठेतरी गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजू आणि सिलिंडरची मागची बाजू ओली आहे का पाहा. बाहेर ओल नसेल तर दोष आत, मास्टर सिलिंडरमध्ये. एकाच सर्किटच्या जुन्या गाडीत ते सील गेलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग करून न्या.