देवळाबाहेरचं कीर्तन

टाळ-मृदंग ऐकू आला की नगर जिल्ह्यातल्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. नेवाशाला जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या मुलखात कीर्तनाला आमंत्रण लागत नाही. यायचं, मांडी घालून बसायचं, आवडलं नाही तर उठून जायचं.

अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. शाळा निघाल्या, 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. पण ख्रिस्ती उपासनेतली गीतं बरीचशी परक्या चालींवर बसवलेली. ती मराठी गळ्यात रुळेनात. 1860 च्या दशकात इथल्याच ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हाती घेतलं. कवी कृष्णराव रत्नाजी सांगळे त्यांत अग्रणी.

साचा ओळखीचाच. पूर्वरंगात नमन, पद, निरूपण, उत्तररंगात आख्यान. फक्त नल-दमयंतीच्या जागी बायबलमधल्या उधळ्या पुत्राची कथा. हा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन दूरदेशी जातो, पैसा उडवतो, तिथे दुष्काळ पडतो आणि तो डुकरं राखायला लागतो. डुकरांच्या शेंगांनी तरी पोट भरावं, असं त्याला वाटतं. 1876-77 चा दुष्काळ सोसलेल्या श्रोत्यांना ही भूक समजावून सांगावी लागली नसेल. आणि तो घरी परतताना म्हातारा बाप त्याला लांबून पाहून धावत सुटतो, तिथे कीर्तनकाराने थोडं थांबायचं. पुढचं काम टाळांचं.

मला यात आणखी एक गोष्ट मोठी वाटते. इथले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. देवळातलं कीर्तन त्यांनी बाहेर उभं राहून ऐकायचं. इथे तीच माणसं पुढे बसली, टाळ त्यांच्याच हातात आले. या कीर्तनाला निव्वळ धर्मप्रसाराची युक्ती म्हणणं मला पटत नाही ते यासाठी.

1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले आणि ही वाट रुंदावली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते सांगत. त्यांनी ‘अभंगांजली’ लिहिली. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नेटाने पुढे नेलं. टिळकांची पदं ‘उपासना संगीता’त आहेत, आणि मराठी चर्चमध्ये रविवारी ती अजून गायली जातात.