माळ्यावरचं जुनं आरसी विमान: ५७७ ग्रॅम कमी कसे झाले?

मामाच्या माळ्यावर खोक्यात एक रिमोटचं विमान पडून होतं. उंच पंखाचं, बाल्सा लाकडाचं, शिकाऊ लोकांसाठी असतं तसलं ट्रेनर. पंखांची लांबी १६० सेंटीमीटर, रुंदी २९ सेंटीमीटर, नाकात मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन. वीसेक वर्षांत ते उडालं नव्हतं. मामा म्हणाला, "घेऊन जा, पण तोडू नकोस. एकच आहे."

ते परत उडवायचं होतं, तेही पहिल्याच लँडिंगला तुकडे न करता. आरसी विमान वाचण्याचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वजन कमी करणं. कसं, ते पाहू.

हलकं विमान का वाचतं?

विमान हवेत राहण्यासाठी त्याला एक किमान वेग लागतो. त्याच्या खाली गेलं की पंखाची उचल संपते आणि विमान पडतं. याला स्टॉल म्हणतात. हा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो.

मामाचं विमान इंधन न भरता २६४० ग्रॅम भरलं. पंखाचं क्षेत्रफळ ४६.४ चौरस डेसीमीटर. म्हणजे दर चौरस डेसीमीटरवर जवळपास ५७ ग्रॅम भार. यालाच विंग लोडिंग म्हणतात. या हिशेबाने स्टॉलचा वेग अंदाजे ताशी ३२ किलोमीटर येतो. काम झाल्यावर वजन २०६३ ग्रॅम झालं, विंग लोडिंग ४४.५ वर आलं आणि स्टॉलचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास.

चार किलोमीटरच कमी झाले, असं वाटेल. पण धडकेची ऊर्जा वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. इथे वजनही कमी झालं आणि वेगही. त्यामुळे वजन २२ टक्के घटलं, तरी त्या किमान वेगाला जमिनीवर आपटण्याची ऊर्जा ३९ टक्के घटली. "चाक वाकलं" आणि "नाक तुटलं" यांत एवढाच फरक असतो.

आधी फोटो आणि काटा

स्क्रू हातात घ्यायच्या आधी मोबाईल घ्या. प्रत्येक वायर, प्रत्येक पुशरॉड कुठल्या भोकात आहे, सर्व्हो कुठल्या बाजूला तोंड करून बसवलाय, सगळ्याचे फोटो काढा. दोन आठवड्यांनी हे काहीही आठवत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा डिजिटल काटा. सुटा केलेला प्रत्येक भाग त्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. अंदाजाने वजन कमी होत नाही. काट्यावर ठेवल्यावरच कळतं की "एवढंसं" वाटणारी चाकांची जोडी ११० ग्रॅमची आहे.

जुनं काय काढून टाकायचं

*बॅटरी:* जुन्या विमानात रिसीव्हरला निकेल कॅडमियमची बॅटरी असते. इतक्या वर्षांनी ती चार्ज झालेली दिसली तरी तिच्यावर विसंबू नका. गळती झाली असेल तर काळी वायर प्लास्टिकच्या आतून गंजत जाते, अगदी स्विचपर्यंत. बाहेरून वायर छान दिसते, आत तांब्याची काळी भुकटी झालेली असते. म्हणून बॅटरी, वायर आणि स्विच तिन्ही बदला. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे ही बॅटरी घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात द्या.

*रिमोट:* लांब अँटेनाचे जुने रिमोट क्रिस्टलवर चालतात. त्याच चॅनेलवर मैदानात दुसऱ्या कोणी रिमोट चालू केला तर तुमचं विमान गेलंच समजा. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ वापरतात त्याच पट्ट्यात. रिमोट आणि रिसीव्हरची जोडी एकमेकांशी बांधलेली असते, त्यामुळे शेजाऱ्याचा रिमोट तुमचं विमान चालवू शकत नाही. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी, अशी फेलसेफ सेटिंगही करता येते. ती नक्की करा.

*तेल पिलेलं लाकूड:* या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉलबरोबर वंगण तेल असतं, अनेकदा चक्क एरंडेल. वर्षानुवर्षं ते नाकातल्या लाकडात मुरतं. असं लाकूड जड होतं, मऊ पडतं आणि त्यावर गोंद धरत नाही. वरवरचं तेल टाल्कम पावडर चोळून, ती तेल शोषेपर्यंत ठेवून आणि झटकून बऱ्यापैकी निघतं. नखाने दाबल्यावर खड्डा पडला तर तो तुकडा कापून नवीन बसवा.

*जुनी दुरुस्ती:* मामाने प्रत्येक अपघातानंतर भरपूर इपॉक्सी ओतलं होतं. इपॉक्सी जेवढं लावाल तेवढं वजन कायम राहतं. साध्या लाकडाच्या पांढऱ्या गोंदातलं पाणी वाळून उडून जातं, त्यामुळे तो हलका पडतो. बाल्साला बाल्सा जोडायला तोच पुरे. इपॉक्सी फक्त ताण येणाऱ्या जागी, तेही थोडं.

*कव्हरिंग:* जुन्या फिल्मवर दुसरी फिल्म, त्यावर स्टिकर. सगळं मिळून २६० ग्रॅम निघालं. हेअर ड्रायरने हलकं गरम करत, फिल्म मागे दुमडून हळू ओढा. सरळ वर ओढली तर बाल्साचे रेषेही सोबत येतात. नवीन फिल्म एकाच थरात लावली, १३० ग्रॅम. ती इस्त्रीने चिकटवतात, पण घरातली कपड्यांची इस्त्री घेऊ नका. तळाला गोंद लागला की पुढचं बोलणं तुम्हालाच ऐकावं लागेल.

शेपटीचा एक ग्रॅम म्हणजे नाकाचे जवळपास तीन

या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या भागात असावा लागतो. शेपटी त्या बिंदूपासून लांब असते, नाक जवळ. सी-सॉवर लांब बसलेला बारीक मुलगा जवळ बसलेल्या जाड्याला उचलतो, तसंच हे.

आमच्या विमानात गुरुत्वमध्यापासून शेपटी ७५ सेंटीमीटरवर होती आणि नाकातलं शिसं २८ सेंटीमीटरवर. म्हणजे शेपटीतल्या ३० ग्रॅमना तोलायला नाकात ८० ग्रॅम लागतात. नाकात खरंच ८५ ग्रॅम शिशाचा गोळा बसवलेला होता. शेपटीचे ३० ग्रॅम कमी केले आणि बाकीचा तोल बॅटरी पुढे सरकवून साधला. शिसं पूर्ण निघालं.

पण इथेच मी एकदा चुकलो. शेपटीच्या पत्र्याला वजन कमी करण्यासाठी भोकं पाडताना हात सैल सुटला. आडवी शेपटी बोटांनी हलकेच पिळली तर ती चक्क वळायला लागली. असं विमान वेगात गेलं की शेपटी थरथरते आणि तुटते. तो भाग टाकून दुसरा बनवला. या वेळी भोकं कमी पाडली आणि मध्ये तिरक्या पट्ट्या ठेवल्या. शेवटी वाचलेले ३० ग्रॅम या दुसऱ्या शेपटीचे आहेत.

इंजिन काढून मोटर लावली की विमान हलकं होतं?

बहुतेकांना तसं वाटतं. काटा वेगळं सांगतो. इंजिन आणि सायलेन्सर ३६० ग्रॅम, टाकी आणि नळ्या ९०, जुनी बॅटरी आणि स्विच ११५. एकूण ५६५. त्या जागी ब्रशलेस मोटर १५०, स्पीड कंट्रोलर ५०, चार सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ३१५. एकूण ५१५. वाचले फक्त ५० ग्रॅम!

इंधनाचं वजन धरलं तर फरक वाढतो, पण खरी बचत लहान लहान गोष्टींत होती:

- इंजिन ते मोटर: ५० ग्रॅम
- चार मोठ्या सर्व्होंऐवजी तीन लहान (मोटरला थ्रॉटलचा सर्व्हो लागत नाही): ११२ ग्रॅम
- रिसीव्हर: २५ ग्रॅम
- कव्हरिंग: १३० ग्रॅम
- जुनं इपॉक्सी आणि तेलकट लाकूड: ८५ ग्रॅम
- शेपटी: ३० ग्रॅम
- फोमची चाकं: ६० ग्रॅम
- नाकातलं शिसं: ८५ ग्रॅम

एकूण ५७७ ग्रॅम.

मोटर केवढी घ्यायची? ट्रेनरला दर किलोला साधारण २०० वॅट पुरतात. २ किलोच्या विमानाला ४०० वॅटच्या वर. चार सेलचे १४.८ व्होल्ट आणि ३० अँपिअर म्हणजे ४४४ वॅट. कंट्रोलर ५० अँपिअरचा घेतला, म्हणजे तापणार नाही.

ही बॅटरी तुमच्या फोनच्या बॅटरीच्याच कुटुंबातली आहे, पण फोनसारखं संरक्षण तिच्यात नसतं. सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नका, ३ व्होल्टच्या खाली उतरवू नका. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगली तर वापरायची नाही. चार्जिंग लावून झोपायचं तर अजिबात नाही.

वजन कुठून कमी करायचं नाही

पंखातली मुख्य काडी, दोन पंख जोडणारा मधला प्लायवूडचा तुकडा, मोटर जिथे बसते ती पाटी आणि चाकांच्या तारेची जागा. या चार ठिकाणी हात लावू नका, उलट तडा दिसला तर मजबूत करा. पंख बांधायचे रबर बँडही नवीन घ्या. धडकेत पंख सटकून वाचतो, तो त्यांच्यामुळेच.

बिजागऱ्या एकेक करून हाताने ओढून पाहा. जुन्या बिजागऱ्या दिसायला ठीक असतात आणि हवेत निघून येतात.

उडवण्याआधी मोबाईल पुन्हा काढा

फिल्म गरम केल्यावर आकसते आणि पंख पिळला जाऊ शकतो. फोनमधलं कोन मोजणारं ॲप उघडा, फोन पंखाच्या मुळाशी आणि मग टोकाशी ठेवा. डाव्या-उजव्या पंखाचे कोन वेगळे आले तर पंख हलकेच उलट पिळून धरा आणि पुन्हा गरम करा. असाच पिळलेला पंख स्टॉलच्या वेळी एका बाजूला कोसळतो.

गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा. २९ सेंटीमीटर रुंदीत हे ७.३ ते ८.७ सेंटीमीटर येतं. पहिल्या दिवशी ७.५ वर ठेवा. नाक जरा जड असलेलं विमान आळशी वाटतं, शेपटी जड असलेलं विमान हातातून जातं.

घरी सेटिंग करताना पंखा काढून ठेवा. मोटरचा पंखा बोट कापू शकतो आणि तो चुकून चालू होतो तेव्हा आधी सांगत नाही.

जागेचंही पाहा. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिकण्यासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे. डिजिटल स्कायचा नकाशा फोनवर उघडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा असते, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. नकाशा त्याच दिवशी बघा, रंग बदलू शकतात. आणि पहिल्यांदा एकटे जाऊ नका, उडवता येणारा माणूस सोबत न्या.

आम्ही मामालाच नेलं. रिमोट नवीन, पण काड्या त्याच. पहिलं लँडिंग त्याने केलं. विमान गवतावर उतरलं, थोडं धावलं आणि थांबलं. मामाने उचलून आधी शेपटी बोटांनी पिळून पाहिली, मग म्हणाला, "आता तू."