कूर्मावतार आमच्या घरी

चार वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी वाढदिवसाला कासव मागितले. "कासव आले की मागोमाग लक्ष्मी येते, साहेब! आणि हे एवढेच राहते," असे सांगून दुकानदाराने ते आमच्या गळ्यात मारले. रुपयाहून थोडे मोठे, हिरवेगार, डोळ्यांमागे तांबडा पट्टा.

कासवी पिलांना नुसत्या दृष्टीने वाढविते, हा संतांचा लाडका दृष्टांत मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवीत आलो आहे. आमचे कासवही मी त्याच पद्धतीने वाढविले! काचेचे भांडे, चार बोटे पाणी, डबीतले कोरडे दाणे आणि येताजाता एक कृपादृष्टी. वर्षभरात त्याची पाठ मऊ पडली, डोळे सुजले.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी माझी चांगलीच हजेरी घेतली.

"ऊन मिळते का याला?"

"खिडकीत तर ठेवतो!"

"सर, काचेतून उजेड येतो, याला हवे ते अतिनील किरण अडतात."

त्या किरणांवाचून त्याच्या अंगी ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ड नसले की कॅल्शियम लागू पडत नाही. आणि कवच म्हणजे शेवटी हाडच. डोळ्यांचे दुखणे अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे. मग पोहण्याजोगी टाकी आली, पाणी गाळणारे यंत्र आले, चढून अंग सुकवायला दगड आला, वर खास दिवा आला, जेवणात हिरवा पाला आला. लक्ष्मी आली नाही. गेली मात्र भरपूर!

सौभाग्यवतींनी टाकीचे पाणी स्वयंपाकघरात ओतायला बंदी केली, ती योग्यच. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. त्यापायी अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर निर्बंध आले. त्याला हात लावला की साबणाने हात धुणे आलेच.

कासव वीतभर झाले तेव्हा शेजारचे अण्णा म्हणाले, "देवळाच्या तळ्यात सोडा. पुण्य लागेल!" खोटे कशाला सांगू, मी बादली घेऊन निघालोही होतो. हा प्राणी मूळचा मिसिसिपीच्या खोऱ्यातला. आपल्या तळ्यात तो देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावतो, हे डॉक्टरांनी बजावले होते. पायरीवर चिरंजीव म्हणाले, "बाबा, हौस आपली, आणि सोसायचे तळ्याने?" आम्ही तसेच परतलो.

मग देशी कासव पाळावे काय? मुळीच नाही. चांदणीसारखी नक्षी असलेले आपले तारा कासव घरी ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुठे सापडलेच, तर वनखात्याला कळवावे.

आमचा पाहुणा तीस वर्षेही जगेल म्हणतात. चिरंजीव उद्या शिकायला परगावी जातील. मी निवृत्त होईन. टाकी मात्र राहील. म्हणून वाचकहो, दुकानात त्या इवल्या जिवाकडे पाहून मन विरघळले, तर आधी तीस वर्षांचा हिशेब मांडा.

तो दृष्टांत मी अजूनही शिकवितो. शेवटी एवढेच जोडतो, "मुलांनो, खरी कासवी अंडी घालून निघून जाते. नुसत्या दृष्टीने कोणीच वाढत नाही."