फडापर्यंत न पोचलेला कायदा

ऑक्टोबर 2025 मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका तरुण डॉक्टरने सातारा जिल्ह्यात आयुष्य संपवलं. ती शासकीय नोकरीत होती. आपल्यावरच्या दबावाबद्दल तिने आधी लेखी तक्रार केल्याचं नंतर बाहेर आलं. शिकल्यासवरलेल्या मुलीच्या अर्जाची ही गत, तर आमच्या ऊसतोडीच्या कोयत्यावरच्या बायांनी कुणाकडे जायचं?

राजस्थानच्या भंवरीदेवीवरचा अत्याचार, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल, मग कायद्यासाठी सोळा वर्षांची वाट, हे सगळं पुष्कळदा लिहून झालंय. मला बोलायचंय ते पुढच्या दशकाबद्दल. 9 डिसेंबर 2013 ला हा कायदा लागू झाला. प्रत्येक जिल्ह्यात समिती, तालुक्याला तक्रार घेणारा अधिकारी, असंघटित बाईलाही संरक्षण. वाचून खरंच उभारी आली होती. ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा उसाच्या फडावर होत्या. तिथे हे कुणी सांगितलं नाही.

आमच्या बीडमध्ये, धारूर-वडवणीकडे नवराबायको मिळून एक कोयता. उचल म्हणजे आगाऊ पैसे नवऱ्याच्या हातात, बोली टोळी नेणाऱ्या मुकादमाशी, बाईचं नाव कागदावर नाही. दिवसभर मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची, आंघोळ आडोशाला, कोपीला दार नाही. अशात मुकादमाने हात धरला तर? कारखाना म्हणतो, ही आमची कामगार नाही. काम सोडून यावं तर उचल फेडायची कुठून? म्हणून बाई गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्यावरून आपले अधिकारी ‘तक्रार नाही’ असं लिहून मोकळे होतात. याची मला चीड आहे.

2019 मध्ये ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण देशभर गाजलं. सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आकडे आले: बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी, त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. पाळीत खाडा पडला की दंड, शिवाय डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती. त्या वर्षी बाया पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या. फडातल्या छळाबद्दलही बोलल्या. बातम्यांना मात्र पिशवीच हवी होती. कॅमेरे गेले आणि ते बोलणंही विरलं. आमच्या हातून निसटलेली ती सर्वांत मोठी संधी होती.

3 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की जिल्हा अधिकारी नेमा, समित्या नेमा. अकरा वर्षांनी! आणि समित्या नेमल्या तरी मूळ अडचण उरतेच. तक्रार करायची ती जिथे काम चालतं त्या जिल्ह्याच्या समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन. बाई सांगलीच्या नाहीतर कोल्हापूरच्या फडात अडकलेली, हंगामाचा पट्टा पडून गावी येईतो मुदत सरत आलेली. बीडच्या समितीने तिची तक्रार इथेच नोंदवून तिकडे पाठवावी, अशी दुरुस्ती हवी. तीन महिने मोजायचे ते टोळी गावी परतल्या दिवसापासून. आणि मुकादमाच्या करारावर बाईचं नाव आधी लिहा.