नवा मासा थेट टाकीत नको! आधी ४ आठवडे टबात

आजचा एपिसोड नवीन मासे आणणाऱ्यांसाठी. ऐकता ऐकता आकडे लिहून घेणं जमत नाही, म्हणून हा लेखी भाग. सेव्ह करून ठेवा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. उस्मानपुऱ्यात बसून आपण गप्पी किंवा गोल्डफिश घेतो, पण शोभेच्या माशांचा मोठा धंदा कोलकाता-हावडा आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात चालतो. म्हणजे दुकानातला मासा बऱ्याचदा पिशवीत बसून लांबून आलेला असतो. प्रवासात तो थकतो, प्रतिकारशक्ती घटते आणि रोग घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी दिसतो. तोवर तो तुमच्या मोठ्या टाकीत असेल, तर जुने मासेही धोक्यात!

टब कसा लावायचा?

२० लिटरचा स्वच्छ प्लास्टिक टब, एअर पंप, स्पंज फिल्टर आणि झाकायला जाळी. बस्स. खडी नको, झाडं नकोत. स्पंज आधी दोन-तीन आठवडे मोठ्या टाकीत चालवा, म्हणजे घाण पचवणारे चांगले जिवाणू त्यात तयार होतात. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन टाका. दुकानाच्या पिशवीतलं पाणी टबात ओतू नका, मासा जाळीनं उचला. टबाची जाळी आणि पाईप वेगळेच ठेवा.

पांढरे ठिपके दिसले तर?

अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके, मासा भांड्याला अंग घासतोय, कल्ले जोरात हलतायत: हा 'इक', म्हणजे व्हाइट स्पॉट. आता खरी मेख ऐका. ठिपक्यात बसलेल्या परजीवीवर औषध चालत नाही. तो पिकून तळाला पडतो, फुटतो आणि शेकडो पिल्लं पाण्यात सोडतो. त्या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. मीठ किंवा औषध मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच ठिपके गेले की उपचार थांबवणं चुकीचं!

पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र साधारण आठवड्यात पूर्ण होतं. डिसेंबरच्या गारठ्यात ते लांबतं, म्हणून तेव्हा हीटर लावा आणि पाणी हळूहळू २८ अंशांवर न्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे पंप बंद नको.

मिठाचा हिशोब

पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे २० लिटरला २० ग्रॅम. दोन दिवसांत हळूहळू ६० ग्रॅमपर्यंत. ५ लिटर पाणी बदललं तर फक्त त्या ५ लिटरचं १५ ग्रॅम मीठ परत घाला, कारण मीठ उडून जात नाही. ठिपके गेल्यावरही १० दिवस चालू ठेवा. गोल्डफिश, गप्पी, मॉलीला हे चालतं. कॅटफिश आणि लोचला मीठ सोसत नाही, त्यांच्यासाठी दुकानात वेगळं औषध विचारा.

टबच का?

जायकवाडीचं पाणी काही दिवसांआड येण्याची आपल्या शहराला वर्षानुवर्षं सवय आहे. १०० लिटरची टाकी रोगानं बिघडली, तर बदलायला पाणी आणायचं कुठून? टबात ५ लिटरमध्ये काम भागतं. शिवाय मिथिलीन ब्लूसारखं औषध मोठ्या टाकीतले चांगले जिवाणूही मारतं.

४ आठवडे मासा नीट खातोय, ठिपके नाहीत, पंख मोकळे आहेत? मग खुशाल मोठ्या टाकीत सोडा. मधेच रोग दिसला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!