नळाच्या पाइपात शिंपले? उजनीकाठच्या गावांनो, जाळं वाळवूनच पाण्यात घाला

उजनीचं पाणी सोलापूर शहराला शंभर किलोमीटरहून लांबच्या पाइपलाइननं येतं. या पाइपात शिंपले वाढले तर? हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या मनरो शहरात १९८९ साली बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी तळ्यातल्या पाइपाचं तोंड बुजवलं आणि गावाचं पाणी बंद पडलं.

भीमेच्या गाळात सापडणारे आपले शिंपले निराळे, ते चिखलात रुतून राहतात. हे परके शिंपले नखाएवढेच, पण अंगातून धागे काढून लोखंड, सिमेंट, प्लास्टिक, कशालाही चिकटतात. थरावर थर चढतो. पिल्लं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, त्यामुळं जाळीतून सहज आत जातात. क्लोरीन टाकलं तर मोठे शिंपले कवच मिटून कित्येक दिवस तग धरतात. मग पाइप खरवडत बसा!

उजनीत असं झाल्याची बातमी नाही. पण आफ्रिकेतली चिलापी धरणात कशी पसरली, हे मच्छीमार बांधवांना सांगायला नको. एकदा पसरलेली जात परत काढता येत नाही.

म्हणून दुसऱ्या धरणावरून होडी, जाळं, मोटर आणली, तर आतलं पाणी तिथंच काठावर ओता. चिखल, शेवाळ काढा. उन्हात कडकडीत वाळवा, मगच उजनीत घाला. घरच्या काचेच्या टाकीतले मासे, गोगलगायी नदीत सोडूच नका.

जॅकवेलची जाळी वर काढली की हात फिरवून बघा. पॉलिश पेपरासारखं खरखरीत लागलं किंवा धाग्यानं चिकटलेला शिंपला दिसला, तर फोटो काढून ग्रामपंचायतीत दाखवा. शिंपला मात्र परत पाण्यात टाकू नका.