गोंड कुलपंचायत

गोंड जमातीतील कुळांच्या वडीलधाऱ्या प्रतिनिधींची परंपरागत सल्लागार व न्यायनिवाडा करणारी संस्था. विवाहसंबंध, काडीमोड, वारसा, कुलदेवतांची पूजा व आपसांतील तंटे हे तिचे प्रमुख विषय होत. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपातळीवर असणाऱ्या जनजाति सल्लागार परिषदेहून ती भिन्न आहे. त्या परिषदेत वीसपर्यंत सदस्य असतात व त्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असतात. कुलपंचायतीतील स्थान मात्र जन्म, नाते व ज्येष्ठता यांवरून ठरते.

उत्पत्तिकथा : कुलव्यवस्थेच्या उगमाचा संबंध गोंड परंपरा सालेकसा तालुक्यातील (जि. गोंदिया) कचारगडच्या गुहांशी जोडते. दरेकसा व धनेगाव यांच्या परिसरातील या गुहेत काली कंकालीची मुले कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगोने हिरासुका पाटालीर या वादकाच्या साहाय्याने त्यांना मुक्त केले व नंतर त्यांची निरनिराळ्या गटांत विभागणी केली, अशी कथा आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने लिंगोचे कथागीत मिळविले; त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल याने ते १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड, असे कोया पूनेमचे अनुयायी मानतात. माघ पौर्णिमेस येथे भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण इ. राज्यांतूनही गोंड लोक येतात.

रचना : गोंडांची कुळे पूज्य देवांच्या संख्येवरून चार, पाच, सहा व सात देवांच्या समूहांत विभागलेली असतात. अशा समूहास ‘सगा’ म्हणतात. समान देवसंख्येची कुळे परस्परांची भाऊबंद समजली जातात व त्यांच्यात विवाह निषिद्ध असतो. भिन्न देवसंख्येची कुळे सोयरी होऊ शकतात. मडावी, उईके, कुमरे, टेकाम, सलामे, मरसकोल्हे ही आडनावे मुळात कुळांचीच नावे होत. मात्र एकाच कुळाची देवसंख्या प्रदेशपरत्वे भिन्न आढळते. त्यामुळे नवी सोयरीक जुळविताना जाणत्यांचा सल्ला आवश्यक ठरतो. कुळाचे देवस्थान म्हणजे पेनठाणा. वंशावळी व कुलकथा मुखोद्गत ठेवणारे परधान हे कुळांचे परंपरागत भाट असून त्यांची स्मृती हेच दीर्घकाळ कुळाचे दफ्तर होते.

कार्यपद्धती : गावचा पाटील, भुमका (पुजारी) व कुळांतील ज्येष्ठ पुरुष पंचांत बसतात. विवाहविषयक तंटा स्वभावतःच दोन समूहांमधील असल्याने दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना बोलावले जाते. परिणामतः कोणताही पक्ष आप्तांवाचून उभा राहत नाही आणि निर्णय देणाऱ्यांनाच पुढे सोयरीक टिकवावयाची असल्याने निवाड्याचा कल शिक्षेपेक्षा समेटाकडे असतो. देजाची परतफेड, नुकसानभरपाई, दंड व जातभोजन हे परंपरागत उपाय होत. बहिष्कृतास जातभोजनानंतर पुन्हा पंगतीत घेतले जाई. पंचांजवळ अंमलबजावणीचे स्वतंत्र साधन नसल्याने निवाड्याचा खरा आधार आप्तांची संमती, तर अखेरचे हत्यार बहिष्कार हे होते.

कायद्यातील स्थान : आधुनिक कायदा स्थानिक सत्तेचा आधार गाव मानतो, कूळ मानीत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये निवडून आलेल्या पंचायतीचे घटक प्रभाग असतात. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये केलेल्या पंचायत विस्तार अधिनियमाने (पेसा) हे अंतर काहीसे कमी केले. रूढीपरंपरांनुसार आपला कारभार पाहणारा समाज ज्या वस्तीत वा वस्तीसमूहात राहतो, त्यास त्याने गाव मानले आणि तंटे सोडविण्याच्या रूढ पद्धतीचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम ठरविली. तथापि महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे निश्चित करणाऱ्या १९८५ च्या आदेशात तत्कालीन भंडारा जिल्ह्याचा अंतर्भाव नव्हता. १९९९ मध्ये त्यातून निर्माण झालेला गोंदिया जिल्हाही त्यामुळे या क्षेत्राबाहेरच आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील अनुसूचित गावांना लाभलेला पेसाचा आधार, ज्या तालुक्यात कुलव्यवस्थेचे उगमस्थान मानले जाते, त्या सालेकशास मिळत नाही.

वनहक्क अधिनियम (२००६) मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. त्याच्या नियमांनुसार पूर्वजांशी नाते दर्शविणारी वंशावळ आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन हे पुरावे ग्राह्य आहेत. सामूहिक दाव्यासाठी देवराया, पूज्य वृक्ष व दफनभूमी यांचीही दखल घेतली जाते. कुळाच्या ज्येष्ठांजवळ असलेले ज्ञान अशा रीतीने ग्रामसभेच्या कामी येऊ शकते. मात्र पुरावा म्हणून ज्ञान स्वीकारणे वेगळे आणि संस्थेस मान्यता देणे वेगळे. कुलपंचायतीस या कायद्यानेही स्थान दिलेले नाही.

तुलना : कॅनडातील यूकॉन प्रदेशातील टेस्लिन ट्लिंगिट समाजाने दुसरा मार्ग अनुसरला. १९९३ मध्ये करार झालेल्या व १९९५ पासून अंमलात आलेल्या त्याच्या स्वशासनव्यवस्थेत पाच कुळांचे प्रतिनिधी सर्वसाधारण परिषदेत बसतात व ज्येष्ठांची परिषद सल्ला देते. तेथे कूळ हेच मतदारसंघाच्या जागी आहे. याच्या उलट, ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्स समाजावर कॅनडा सरकारने १९२४ मध्ये निर्वाचित परिषद लादली. परंतु कुलमातांनी निवडलेल्या प्रमुखांची परंपरागत परिषद त्यामुळे नाहीशी झाली नाही.

मर्यादा व बदल : गोंड कुलपंचायतीच्या परंपरेत स्त्रियांना पंच म्हणून क्वचितच स्थान मिळाले. जमिनीचा वारसा सामान्यतः पुरुषांकडे जाई आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम (१९५६) अनुसूचित जमातींना लागू नसल्याने रूढीच निर्णायक ठरे. छत्तीसगढमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसता तिच्या वारसांस समान हिस्सा नाकारता येत नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा अधिनियम २०१७ पासून अंमलात आला असून बहिष्कार टाकणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे. त्यामुळे कुलपंचायतीचे जुने हत्यार कायद्याने गेले आहे. उरते ती तिची सल्लागार भूमिका : सोयरीक जुळविणे, आप्तांत समेट घडविणे आणि वंशावळ व देवस्थाने यांची स्मृती राखणे. ही भूमिका पूर्णतः संमतीवर अवलंबून आहे व ती संमती पुढील पिढीतही मिळावयाची, तर कुळातील स्त्रियांना पंचांत स्थान देणे अगत्याचे ठरते.